२५ हजारांत नवीन डॅक घेऊ का? जुन्या रेकॉर्डिंगसाठी

कुळागर (फोंडा):
नमस्कार मंडळी. लॅपटॉपला यूएसबीने एक छोटा डॅक (डिजिटल गाणं अँपला कळेल अशा सिग्नलमध्ये बदलणारा डबा), तिथून आरसीए केबलने स्टिरिओ अँप नि दोन बुकशेल्फ स्पीकर. ऐकतो जास्त करून केसरबाई, मोगूबाई, अभिषेकीबुवा, जुनी नाट्यपदं. आलाप संथ असला की मागे घूंऽ असा आवाज येतो, शिवाय एकूण आवाज बंद बंद वाटतो. टॉपिंग ई३० टू, फिओ के११ नि आयफाय झेन डॅक बघून ठेवलेत. आतला चिप ईएसएस कंपनीचा बरा की एकेएम कंपनीचा? आणि ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झने (म्हणजे आवाजाच्या जास्त बारीक डिजिटल मोजणीने) खरंच फरक पडतो का? रात्री कधीतरी हेडफोनही लावतो.

म्हापसेकर:
दादा, आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. घूं गेली तर तो ग्राउंड लूप, डॅकचा त्यात दोष नाही. तीन पिनांचा चार्जर नि अँप दोन्ही अर्थिंगला जोडलेले असतील तर यूएसबी नि आरसीएच्या शिल्डमधून (केबलच्या धातूच्या आवरणातून) विजेचा गोल पूर्ण होतो, त्यातून फिरणारा करंट ५० हर्ट्झ नि त्याच्या पटीत ऐकू येतो, म्हणजे महागडा डॅक आणलात तरी तो तसाच राहू शकतो. दोन्ही प्लग एकाच बोर्डवर लावून बघा. अर्थची पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, पावसात आपल्याकडे भिंतींना ओल असते, जिवाशी खेळ आहे तो.

कुळागर:
बॅटरीवर एकदम शांत! एकाच बोर्डवर लावलं तर कमी झाली, पण पूर्ण गेली नाही.

डिचोलीकर:
मग यूएसबी आयसोलेटर (विजेची थेट जोडणी तोडून फक्त डेटा पुढे सोडणारी डबी) लावा, नाहीतर ऑप्टिकलने जोडा. ऑप्टिकल केबलमधून फक्त प्रकाश जातो, तांब्याची जोडणीच राहत नाही. लॅपटॉपला ते नसेल तर टीव्ही किंवा स्ट्रीमरवरून घ्या, फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएम (साधा डिजिटल प्रकार) करा, डॉल्बी गेलं तर साधा डॅक गप्प बसतो. झेन डॅकला इनपुट फक्त यूएसबी आहे, म्हणून तो यादीतून काढा.
चिपच्या वादात पडू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात एकेएमच्या कारखान्याला आग लागली, चिप मिळेनात, कंपन्या ईएसएसकडे वळल्या नि त्यांचे डॅकही उत्तमच निघाले. के११ मध्ये तर दोन्ही नाहीत, सिरस कंपनीचा आहे. पॉवर सप्लाय नि आऊटपुट स्टेज नीट बांधलेली असणं जास्त महत्त्वाचं.
आणि ७६८ विसरा हो! १६ बिटमध्येच ९६ डेसिबलच्या आसपास डायनॅमिक रेंज (सगळ्यात मोठ्या नि सगळ्यात बारीक आवाजातलं अंतर) मिळते. केसरबाईंच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची खरखर त्या रेंजच्या तळापेक्षा कितीतरी वर असते, तिथे जास्तीचे बिट काय पकडणार? त्यापेक्षा त्याच रेकॉर्डचं चांगलं ट्रान्सफर (तबकडीवरून केलेली डिजिटल प्रत) शोधा, सुईखालची तबकडी स्वच्छ असली की बाईंचा आकार असा काही उघडतो की विचारू नका.

पेडण्याहून:
‘बंद बंद’बद्दल सांगतो, स्पीकर कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटून आहेत का? तिथे खालचा आवाज फुगतो नि गळ्याचा स्पष्टपणा दबतो. हातभर पुढे ओढून ऐका. आणि खाली लाद्या, उघड्या भिंती असं आपलं घर असेल तर स्पीकरसमोर जाड जाजम, मागे पडदा एवढ्याने जो फरक पडतो तो कुठलाही डॅक बदलून पडणार नाही, हे मी मनापासून सांगतो.
दोन डॅक ताडून बघताना आवाजाची पातळी मात्र मोजून सारखी करा. बहुतेक डॅकचं आरसीए आऊटपुट २ व्होल्टच्या आसपास असतं पण थोडं इकडेतिकडे होतं, नि जो जरा मोठा वाजतो तोच कानाला बरा वाटतो.

म्हापसेकर:
घ्यायचाच असेल तर तुमच्यासाठी के११. ऑप्टिकल, कोअॅक्सिअल, हेडफोन नि आरसीए सगळं एकात. ई३० टू पण चांगला, पण त्याला हेडफोनचं भोक नाही. उरलेल्या पैशात जाजम. आणि मृगाच्या गडगडाटात अँप, डॅक नि राउटर तिन्हींचे प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

कुळागर:
देव बरें करूं! आज स्पीकर पुढे ओढतो, आयसोलेटर मागवतो. डॅकचं चतुर्थीनंतर बघू.