मदत हवी आहे: ‘हॅव’ नक्की कुठे आणि कसं वापरायचं?

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते. दोन महिन्यांपूर्वी कल्याणीनगरच्या एका डेंटल क्लिनिकमध्ये रिसेप्शनला लागले. आधीच्या दवाखान्यात सगळा कारभार मराठीत होता. इथे निम्मे पेशंट बाहेरच्या राज्यांतले, फोन उचलला की इंग्रजी. माझं शिक्षण मराठी माध्यमात, इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर माझी दहावी होऊन गेली होती. वाचलेलं कळतं, पण बोलताना ‘हॅव’पाशी हमखास अडकते.

शाळेत बाईंनी शिकवलं होतं, हॅव म्हणजे जवळ असणे. पण आता वनाजहून मेट्रोत बसले की अर्धा तास मिळतो, त्यात वहीत डावीकडे मराठी वाक्य आणि उजवीकडे इंग्रजी असं लिहिते. तेव्हा लक्षात आलं की मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे छत्री आहे, माझं कोथरूडला घर आहे, त्याच्या दाढेत कीड आहे, या चारही वाक्यांना इंग्रजीत हॅव किंवा हॅजच लागतं. आपण मला, माझ्याकडे, माझं, त्याच्या असं दर वेळी बदलतो, म्हणून बोलताना मी आधी ‘माझ्याकडे’ला शब्द शोधत बसते. इथपर्यंत माझं मला उमगलं. पुढचं उमगत नाही.

एक. मी फोनवर म्हटलं, ‘डॉक्टर इज हॅविंग टू क्लिनिक्स.’ डॉक्टरांनी नंतर हळूच सांगितलं, हॅविंग नको, हॅज म्हणा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पेशंटला विचारलं, ‘आर यू हॅविंग एनी पेन?’ मग इथे हॅविंग कसं चालतं?

दोन. एका पेशंटने काउंटरवर विचारलं, ‘डू आय हॅव टू पे टुडे?’ मला ऐकू आलं ‘हाफ’. वाटलं, निम्मे पैसे द्यायचं म्हणतायत. मी म्हटलं, ‘नो सर, फुल.’ त्यांना आजच द्यायचे का एवढंच विचारायचं होतं. ते कार्ड काढून मुकाट्याने सगळे पैसे भरून गेले. खरं तर पुढच्या भेटीत दिले असते तरी चाललं असतं. मला ते फार लागलं.

तीन. ‘आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे’ चूक आहे म्हणतात. ‘मी त्यांना काल सांगितलंय’ हे तर मराठीत अगदी सरळ वाक्य आहे.

कृपया सोप्या भाषेत सांगा. व्याकरणातली नावं मला आठवत नाहीत.

प्रतिसाद १

ताई, मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. तुमच्या तिन्ही अडचणी मुलांनाही यायच्या.

हॅविंगसाठी मराठीतच पारख करा. ‘चाललंय’ किंवा ‘होतंय’ लावून बघा. जेवण चाललंय, मीटिंग चाललीय, त्रास होतोय, दुखतंय: इथे हॅविंग चालतं. ‘दोन भाऊ चाललेत’, ‘दवाखाना होतोय’ असं आपण म्हणत नाही. तिथे हॅव किंवा हॅज.

‘हाफ’ ऐकू आलं यात तुमच्या कानाचा दोष नाही. ‘करावं लागणं’ या अर्थाचं हॅव टू भरभर बोलताना ‘हॅफ टू’ होतं, पुढच्या ट मुळे व चा फ होतो. तसंच हॅज टू चं ‘हॅस टू’. ‘आय हॅव टू ब्रदर्स’मध्ये टू म्हणजे दोन, तिथे व स्पष्ट राहतो. म्हणून ‘फ’ ऐकलात की मनात आधी ‘लागेल का?’ आणा. डू आय हॅव टू पे, पैसे द्यावे लागतील का?

याच्या नकाराकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तुमच्या कामात तिथे पेशंटला इजा होऊ शकते. दात काढल्यावर आपण सांगतो, बधिरपणा उतरेपर्यंत काही खायचं नाही. ‘खायचं आहे’ म्हणजे हॅव टू ईट, म्हणून ‘खायचं नाही’ला आपसूक ‘यू डोन्ट हॅव टू ईट’ तोंडात येतं. त्याचा अर्थ होतो, खाल्लंच पाहिजे असं नाही, हवं तर खा. पेशंट खाईल आणि बधिर गाल चावून बसेल. तिथे ‘प्लीज डोन्ट ईट’ म्हणा किंवा ‘यू मस्ट नॉट ईट’. आणि पैसे आज नकोत हे सांगायचं तर ‘यू डोन्ट हॅव टू पे टुडे’ अगदी बरोबर. हे दोन्ही नकार वहीत शेजारीशेजारी लिहा.

तिसरं थोडक्यात. ‘सांगितलंय’ला आपण काल, परवा काहीही जोडतो. इंग्रजीत होऊन गेलेली वेळ सांगितली की हॅव गळतं: आय टोल्ड हिम यस्टरडे. वेळ नसेल तर आय हॅव टोल्ड हिम. म्हणून ‘हॅव यू टेकन द टॅब्लेट?’ चालतं, पण कधी घेतली हे विचारताना ‘व्हेन डिड यू टेक इट?’

प्रतिसाद २

डज आलं की पुढे हॅज नाही, हॅव. ‘डज शी हॅव ॲन अपॉइंटमेंट?’ फोनवर हे रोज लागेल.

मूळ प्रश्नकर्ती

सर, मनापासून आभार. ‘खायचं नाही’चं वाचून पोटात गोळा आला. मी अगदी तसंच सांगत होते. आज सकाळी एका आजोबांची अक्कलदाढ काढली, त्यांना ‘प्लीज डोन्ट ईट टिल द नम्बनेस गोज’ सांगितलं, आणि मुलीला कागदावर लिहूनही दिलं.

एक राहिलं. त्या आजोबांनी आधीच्या दाढेबद्दल सांगितलं, ‘आय हॅड इट पुल्ड आउट इन नागपूर.’ म्हणजे त्यांनी स्वतः काढली?

प्रतिसाद १

नाही ताई. दुसऱ्याकडून करून घेतलं की हे हॅड येतं. काढून घेतली. आपल्या ‘घेणे’सारखंच. मधे वस्तू, मग क्रियापद: आय हॅड माय हेअर कट, केस कापून घेतले. तुम्ही एक करून बघा.

मूळ प्रश्नकर्ती

लक्ष्मी रोडला ब्लाउज शिवून घेतला. आय हॅड अ ब्लाउज स्टिच्ड ऑन लक्ष्मी रोड. जमलं का?

प्रतिसाद १

जमलं.