मदत हवी आहे : मुलीच्या ऑफस्पिनचं काय करू?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी पंधरा वर्षांची आहे, साताऱ्यात शिकते. मधल्या फळीत खेळते आणि ऑफस्पिन टाकते. फलंदाजी बरी, पण चेंडू सोडताना तिचं बोट असं काही फिरतं की समोरचा पोरगा (हो, सरावाला पोरंच असतात) बॅट घेऊन भलतीकडेच वळतो. आता तिचे कोच म्हणतात, "बॉलिंग सोड, नुसती बॅटिंग कर." मला हे पटत नाही.

आपल्याकडची उदाहरणं बघा. कोल्हापूरची अनुजा पाटील ऑफस्पिन आणि फलंदाजी, दोन्हींच्या जोरावर २०१२ मध्ये भारताकडून खेळली. पुण्याची देविका वैद्य २०१४ ला भारतीय संघात आली आणि मधला मोठा काळ बाहेर राहून २०२२ च्या डिसेंबरात परतली. मधली वर्षं काढायची ती राज्याच्या सामन्यांवरच, आणि तिथे दोन कामं येणारी मुलगी संघाला हवीच असते ना?

ज्यांच्या घरातली मुलगी महाराष्ट्र, मुंबई किंवा विदर्भाकडून एकोणीस वर्षांखालील खेळलीय, त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. निवड चाचणीत अष्टपैलू म्हणून नाव द्यावं की फलंदाज म्हणून? आणि रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या नोकरीसाठी कोणत्या स्तरापर्यंत खेळलेलं धरतात? दहावीचं वर्ष आहे, त्यामुळे तिच्या आईचा डोळा पुस्तकांवर आणि माझा चाचणीच्या तारखेवर. अनुभव असेल तर जरा सविस्तर लिहा.