‘वितरित संगणन’ – याहून बरा शब्द आहे का?

बोरूबहाद्दर:
कृष्णविवराच्या पहिल्या चित्रावर एका माहितीपटाचं मराठी निवेदन लिहितोय. ‘डिस्ट्रिब्युटेड कम्प्युटिंग’ला (एक काम अनेक संगणकांना वाटून करणं) ‘वितरित संगणन’ आणि ‘इमेज प्रोसेसिंग’ला ‘प्रतिमा प्रक्रिया’ असं केलंय. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "हे रेशनवर मिळतंय का?" काही सुचवा.

ताकपिठं:
आईंचं बरोबर आहे. वितरण म्हणजे दिलं आणि विषय संपला: बक्षीस वितरण, सिलिंडर वितरण. इथे वाटलेलं काम परत आणून जुळवायचं असतं, आणि खरी मेहनत त्या जुळवण्यातच आहे.
‘प्रतिमा’चं म्हणाल तर, ‘प्रतिमा सुधारणा’ ऐकलं की निवडणूक लागल्यासारखं वाटतं. आणि प्रक्रिया सांडपाण्यावर होते. निवेदनात सरळ ‘चित्रावरचं काम’ म्हणा की.

खुरपं:
आपल्याकडे शब्द आहेत, फक्त ते शेतात आहेत. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या, ती सावड. सगळ्या गावानं आपापली औतं घेऊन एकाचं रान नांगरून द्यायचं आणि त्यानं जेवू घालायचं, ती इर्जिक. विद्यापीठं एकमेकांना आपले संगणक वापरू देतात ती सावडच झाली. १९९९ ते २०२० चाललेलं, परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणारं ‘सेटी अ‍ॅट होम’ मात्र इर्जिक. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीनं टिपलेल्या नोंदींचे तुकडे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून लोकांच्या घरच्या संगणकांवर जायचे, उत्तरं परत यायची. आमच्याही डबड्यावर चालायचं ते. जेवण काय, तर स्क्रीनसेव्हरवरचा रंगीबेरंगी आलेख!

ताकपिठं:
झकास. पण ‘सावडणे’ म्हटलं की शहरातल्या माणसाला आधी अस्थीच आठवतात, तेवढं जपा.

बोरूबहाद्दर:
माझ्या गोष्टीत दोन्ही जमत नाही. एप्रिल २०१७ मध्ये सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणींनी नोंदी घेतल्या; हे कृष्णविवर ज्या दीर्घिकेत आहे ती एम ८७ त्यांतल्या सात दुर्बिणींना दिसत होती, दक्षिण ध्रुवावरचीला नाही. त्या इतक्या प्रचंड की हार्ड डिस्क विमानानं न्याव्या लागल्या, काही अमेरिकेत हेस्टॅक वेधशाळेत, काही जर्मनीत बॉनला. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या होत्या. मग चार गटांनी एकमेकांना न विचारता चित्रं तयार केली आणि शेवटी ती ताडून पाहिली. ही सावड नव्हे, हे तर पेपर तपासणं झालं.

खुरपं:
मग ‘वाटून केलेलं काम’ म्हणा. साधं आहे, पण खोटं नाही. ‘समांतर संगणन’ घेऊ नका. समांतर रेषा भेटत नाहीत, पण अशा कामात संगणकांना बऱ्याचदा एकमेकांशी बोलावं लागतं.

टाचणी:
ते बोलणं नेमकं कुठे होतं, त्याला शब्द आहे माझ्याकडे. मोठं चित्र चौकोनांत कापून दहा संगणकांना दिलं आणि ते धूसर करायचंय, असं समजा. प्रत्येक बिंदूला शेजारच्या बिंदूंची सरासरी लागते. कडेच्या बिंदूचे शेजारी दुसऱ्याच संगणकावर! म्हणून प्रत्येक चौकोनासोबत शेजारची पट्टी जादा द्यायची, नाहीतर जोडताना रेघा दिसतात. दहा बिंदूंपर्यंतचे शेजारी लागत असतील तर पट्टीही दहा बिंदूंची. शिवणकामात याला ‘माया’ म्हणतात. ब्लाउज कापताना माया सोडली नाही की शिवण जुळत नाही.

ताकपिठं:
वा! पण विज्ञानाच्या माहितीपटात ‘माया’ आली तर लोक म्हणतील, बघा, शास्त्रज्ञही मानतात.

टाचणी:
‘शिवणीची माया’ म्हणा. आणि व्हिज्युअलायझेशनला ‘दृश्यीकरण’ नको. ‘चित्ररूप दिलं’ पुरे. कृष्णविवराच्या चित्रातला तो नारिंगी रंगही दिलेलाच आहे, दुर्बिणींनी टिपल्या त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या १.३ मिलिमीटरच्या रेडिओलहरी. म्हणून ‘फोटो’ शब्दही जपून वापरा.

बोरूबहाद्दर:
‘फोटो’ शीर्षकातच आहे हो. निर्मात्याला फोन लावतो.