मदत हवी आहे: काही न खाता सकाळी साखर का चढते?

देवगडला राहणाऱ्या माझ्या वडिलांना टाइप २ मधुमेह असून मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. रात्री जेवणानंतर दोन तासांनी साखर १५० च्या आसपास असते, सकाळी उपाशीपोटी मात्र ती १८० पर्यंत चढलेली दिसते. रात्रीचा भात बंद करून नाचणीची भाकरी आणि माशाचे कालवण सुरू केले, शतपावलीही होते; त्याने रात्रीचा आकडा उतरला, सकाळचा नाही. इथल्या दमट हवेत साखर तपासायच्या पट्ट्या खराब होतात म्हणून डबी घट्ट बंद ठेवतो, शिवाय प्रयोगशाळेतला आकडाही जुळला.

यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत असते, इन्सुलिनचा लगाम सैल पडला की ती गरजेपेक्षा जास्त सोडते आणि पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके त्यात भर घालतात, एवढे समजले आहे. पण गोळीमुळे मध्यरात्री साखर फार उतरून शरीराने ती उलट वाढवली असेल, ही शंका (आणि खरी काळजी) राहतेच. घाम किंवा थरथर जाणवलेली नाही. गोळ्यांत बदल डॉक्टरांना विचारूनच करू, परंतु त्यांच्यापुढे ठेवायला नीट नोंदी हव्या आहेत.

झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर अशी तपासणी साधारण किती रात्री करावी, आणि तीनच्या आकड्यावरून ही दोन कारणे वेगळी कशी ओळखावीत?