गणिताच्या सरावाला कृत्रिम बुद्धिमत्ता: दहावीच्या मुलांच्या हाती द्यावी का?

धागा सुरू करणारी – माध्यमिक गणित शिक्षिका, कोल्हापूर शहर

दहावीच्या मुलांना गणिताच्या सरावासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे ॲप द्यावे, असा प्रस्ताव आमच्या शाळेच्या पालकसभेपुढे येणार आहे आणि माझा त्याला विरोध आहे. गेल्या महिन्यात तपासायला आलेल्या एका वहीत मला ‘द्विघात समीकरण’ आणि ‘विविक्तकर’ हे शब्द दिसले. आपल्या पुस्तकात ‘वर्गसमीकरण’ आणि ‘विवेचक’ (मुळे काढण्याच्या सूत्रात वर्गमूळाच्या चिन्हाखाली येणारी राशी) आहेत. वहीतले शब्द हिंदी पाठ्यपुस्तकांतले, म्हणजे उत्तर कुठून आले हे उघड होते. उत्तर अचूक होते, परंतु विवेचक ऋण आला की मुळे वास्तव का नसतात, हे विचारल्यावर तो मुलगा फळ्यापाशी गप्प उभा राहिला. ऋण संख्येचे वर्गमूळ वास्तव संख्यांत मिळत नाही, एवढे एक वाक्य त्याच्याकडे नव्हते.

हा केवळ माझ्या वर्गाचा अनुभव नाही. तुर्कस्तानात माध्यमिक शाळेच्या सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास 2024 मध्ये समोर आला. त्यात सरावाच्या वेळी चॅटजीपीटीसारखे साधन मोकळेपणाने वापरणाऱ्या मुलांची कामगिरी 48 टक्क्यांनी सुधारली, पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा तीच मुले, ज्यांना ते कधीच मिळाले नव्हते अशा मुलांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडली.

उत्तर – शिक्षक, गगनबावडा तालुका

मॅडम, आपण त्या अभ्यासाचा अर्धाच भाग सांगितलात. त्यात दुसरा एक गट होता, ज्याच्या साधनाला शिक्षकांनी तयार केलेल्या सूचना दिल्या होत्या आणि ते थेट उत्तर न देता फक्त पुढची दिशा दाखवत असे. त्या गटाचा सराव 127 टक्क्यांनी सुधारला आणि परीक्षेतले नुकसान जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे दोष यंत्राचा नसून ते कसे बांधले याचा आहे.

शहरातल्या मुलाला संध्याकाळी शिकवणी असते, आमच्या मुलांना भातलावणी असते. मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये ऑस्ट्रियात सुरू केलेले जिओजेब्रा हे पडद्यावर आकृत्या काढून हलवता येणारे सॉफ्टवेअर वर्गासाठी विनामूल्य मिळते आणि एकदा लॅपटॉपवर घेतले की पावसात नेटवर्क गेले तरी चालते. मी मुलांना मनाला येईल तसा चौकोन काढायला सांगितला आणि बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडायला लावले. शिरोबिंदू कसाही ओढला तरी आत समांतरभुज चौकोनच उरतो, हे पाहून मागच्या बाकावरची मुले उठून पुढे आली. फळ्यावर मी अशा किती आकृत्या काढणार होतो?

उत्तर – अभियंता, शिरोली औद्योगिक वसाहत

सर, शंभर आकृत्या पाहिल्या म्हणजे सिद्धता झाली नाही. कर्ण काढावा, दोन त्रिकोणांना मध्यबिंदूचे प्रमेय लावावे, समोरासमोरच्या दोन्ही बाजू त्या कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्म्या आहेत हे लिहावे, तेव्हा कुठे साध्य सिद्ध होते. ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ लिहिण्याची सवय कंटाळवाणी वाटते, पण तीच पुढे उपयोगी पडते.

आमच्या फाउंड्रीत कास्टिंगवर मशिनिंग करताना दशांश चिन्ह एक घर सरकले तर अख्खा जॉब भंगारात जातो. मशिन दिलेला आकडा मुकाट्याने पाळते, त्यामुळे आकडा चुकीचा वाटण्याची जाण माणसालाच असावी लागते. भाषेवर आधारलेली ही साधने मुळात पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधतात, त्यामुळे त्यांचा आकडा चुकला तरी वाक्य तितक्याच ठामपणे येते. नोकरीसाठी येणाऱ्या मुलांना उत्तर साधारण किती यावे हे विचारले की ती खिशातला फोन शोधतात.

उत्तर – पालक, इचलकरंजी

माझी मुलगी वर्गात शंका विचारत नाही, कारण एकदा विचारल्यावर सगळे हसले होते. रात्री ती फोनला तीच गोष्ट पाच वेळा विचारते आणि तिच्यावर कोणी चिडत नाही. हे थांबवण्याआधी तिने कोणाला विचारायचे, तेही सांगावे.

धागा सुरू करणारी

ताई, तुमचे म्हणणे मला सर्वांत जास्त लागले. साठ मुलांच्या वर्गात लाजणारी मुलगी माझ्याही नजरेतून सुटते, आणि याचे उत्तर ॲपला नकार देण्यात नाही, हे मी मान्य करते.

गगनबावड्याच्या सरांना मात्र एवढेच सांगेन की, सूचना देणाऱ्या त्या साधनाचा गट सरावात कितीही पुढे गेला तरी परीक्षेत तो साधन न मिळालेल्या मुलांच्या बरोबरीनेच राहिला. तोटा टळला, पण नफा दिसला नाही. जिओजेब्राला माझा विरोध नाही. भूमितीच्या तासाला मी प्रोजेक्टर मागणारच आहे, अट इतकीच की आकृती हलवून झाल्यावर सिद्धता वहीत उतरली पाहिजे. ॲपबाबत पालकसभेत मी दोन अटी ठेवीन: मुलाने स्वतःच्या दोन पायऱ्या लिहिल्याखेरीज ते काही सुचवणार नाही, आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकाचे शब्द वापरेल. शनिवारचा शेवटचा तास मी या आठवड्यापासून फक्त शंकांसाठी ठेवते आहे. त्यात शंका नाव न घालता चिठ्ठीवर लिहून द्यायच्या आहेत.