जानेवारीत सामना घेतला तर आई-बाप उसाच्या फडात. मग घ्यायचा कधी?

उजवा_कोपरा (केज, जि. बीड)

रामराम मंडळी. प्रश्न कबड्डीचा आहे, पण नुसता कबड्डीचा नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

गावच्या संघात मी उजव्या कोपऱ्याला खेळायचो. आता कृषी सेवा केंद्र चालवतो, पोट सुटलंय, गुडघा कुरकुरतो. जानेवारी २०२३ ला आम्ही शेजारच्या तालुक्यात स्पर्धेला गेलतो. तिसरा नंबर आला. येताना जीपमधे जागा नव्हती, म्हणून आमचा डावा कोपरा आणि धाकटा चढाईवाला दोघं मोटारसायकलवर पुढं निघाले, ढाल मधे धरून. रात्री साडेअकराला रस्त्यावर ऊस भरलेली ट्रॉली उभी. टायर फुटलेला, ट्रॅक्टर सोडून नेलेला. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. चार दगड मांडलेले, तेही ट्रॉलीला खेटून. एक १९ वर्षांचा, दुसरा २१ चा. आमची जीप दहा मिनिटांनी तिथं पोचली. पुढचं लिहीत नाही.

दोन कोपरे म्हणजे काय ते खेळणाऱ्यालाच कळतं. सात जणांत एकमेकांपासून सगळ्यात लांब तेच, आणि सगळा वेळ नजर एकमेकांवर. तो डाव्या पायाचा अंगठा मातीत रोवायचा, तेवढ्यावर मी समजायचो की आता. मी घोटा धरायचो, तो वरून यायचा. पकड माझ्या नावावर लागायची. चार वर्षांत मैदानावर एकदाही तोंडानं बोलावं लागलं नाही.

२०२४ आणि २०२५ ला त्यांच्या नावानं स्पर्धा घेतली. पहिलं बक्षीस २१,०००. बॅनरवर पुढाऱ्यांचे सोळा फोटो (मी मोजले), आणि त्या दोघांचे खाली कोपऱ्यात, पासपोर्ट साइजचे. डीजे लागला. दुसऱ्या वर्षी रात्री एक वाजता पंचाच्या निर्णयावरनं भांडण झालं. मीही त्यात होतो, खोटं कामून बोलू. सकाळी आम्ही मांडव सोडत होतो, तर धाकट्याची आजी आली. खाली पडलेलं बॅनर उचललं, दोघांच्या फोटोएवढं फाडून घेतलं, घडी घातली आणि पदराला बांधून निघून गेली. कुणाला काही बोलली नाही. २०२६ च्या जानेवारीत मग आम्ही काहीच केलं नाही.

आजीच आली, कारण धाकट्याचे आई-बाप गावात नव्हते. दोघं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. दसऱ्यानंतर गाडी भरायची, ती गुढीपाडव्याच्या पुढंमागं परत. दोन्ही स्पर्धांना ते फडात होते. पोरगा गेला तेव्हासुद्धा कराडकडून रात्रभर टेम्पोनं आले.

आता मनात असं आहे की स्पर्धा नको, एकच सामना. जुने विरुद्ध आत्ताचे. बक्षीस नाही, डीजे नाही. जे पैसे जमतील त्यातून गावातल्या ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर. मोजून ३१ ट्रॉल्या आहेत. अडचण तारखेची. जानेवारीत घ्यावा तर घरचे नाहीत, अर्धं गाव नाही, आणि हंगाम निम्मा झालेला. मे महिन्यात घ्यावा तर सगळे गावात, पण ४२ चं ऊन, लग्नं, आणि मेमधे लावलेली पट्टी कारखाना सुरू होईस्तोवर राहील का? तोवर त्याच ट्रॉलीत शेणखत, मुरूम, सगळं वाहून होतं.

दुसरं, पैसे गोळा करायचे कसे? पोरं म्हणतात तुझ्या दुकानाचाच क्यूआर लाव. मला ते बरं वाटेना.

तिसरं, आमच्या काही जणांचं म्हणणं की सामना पाच जणांनीच खेळायचा, दोन जागा रिकाम्या. तुम्हाला काय वाटतं?

शिट्टी (परभणी)

तिसऱ्याचं आधी सांगतो. अठरा वर्षं पंचगिरी केली आहे. पाच जणांनी खेळू नका. ऐकायला छान वाटतं, पण डावा कोपरा रिकामा ठेवून तुम्ही पस्तिशीचे गडी विशीच्या पोरांना अडवणार, म्हणजे कुणाचा तरी गुडघा जाणार आणि जमलेले पैसे दवाखान्यात भरावे लागणार. सातच्या सात खेळा. फार तर पहिली चढाई त्यांच्या नावानं सोडा. गडी जाईल, 'निदान रेषा' (चढाईवाल्याला ओलांडावीच लागते ती) ओलांडेल, परत येईल, कुणी हात लावायचा नाही. चढाई ३० सेकंदांची असते. माइक बंद ठेवा, त्याचा दम तेवढा ऐकू येऊ द्या.

वीस-वीस मिनिटं खेळवू नका, पंधरा-पंधरा पुरे. मधली पाच मिनिटांची विश्रांती जुन्यांसाठी दहा करा, मी नियमांची वही बघणार नाही. आणि मैदान. तुमच्याकडं काळी माती असेल तर त्यावर नकोच. ओली झाली तर पायाला गोळे, वाळली तर भेगा, भेगेत अंगठा गेला की संपलं. वरून पोयटा आणून चाळून टाका, चार दिवस आधी पाणी मारा, रोलर फिरवा. रेषांची फक्की शेवटी, सामन्याच्या सकाळी. आदल्या रात्री मारली की कुत्री लोळतात.

कज्जेदलाल_नाही (लातूर)

क्यूआर दुकानाचा लावू नका, तुमचं मन बरोबर सांगतंय. तुमची संस्था नोंदणीकृत नसणार असं धरतो. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी काढतात ना, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली, त्याच वाटेनं जा. अर्ज ऑनलाइन होतो. खातं तिघांच्या नावानं, सही दोघांची. पावती पुस्तकाला नंबर हवेत आणि उरलेली कोरी पानंसुद्धा हिशोबात दाखवायची. देणगीवर आयकर सवलत मिळेल असं कुणाला सांगू नका, त्याची नोंदणी वेगळी असते.

रात्री सामना असेल तर दहाच्या आत भोंगा बंद. तो नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि कुणीच पाळत नाही. तुम्ही पाळा.

आणि न विचारलेलं विचारतो. त्या दोन घरांना काही मिळालं का? शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडेंच्या नावची अपघात अनुदान योजना आहे, मृत्यूला २ लाख. सातबारा बापाच्या नावावर असला तरी कुटुंबातला एक सदस्य त्यात बसतो. मोटार अपघात दाव्याचं काय झालं? ट्रॉलीचा मालक माहीत होता का? मुदत टळली असं कुणी सांगितलं असेल तरी एकदा कागद घेऊन वकिलाला भेटा. सामन्याच्या पैशात हे मिसळू नका, पण सामन्याच्या नादात हे विसरूही नका.

राहू_द्या

रिफ्लेक्टर लावणं कारखान्याचं अन् आरटीओचं काम. तुम्ही कबड्डी खेळून लावणार, म्हणजे ते मोकळे.

डबल_ट्रॉली (गंगाखेड)

मी ट्रॅक्टर चालवतो. दोन ट्रॉल्या मागं. शिव्या द्यायच्या तर द्या, पण ऐका.

तुम्ही जी पट्टी म्हणताय ती ट्रॉलीच्या फाळक्याला, म्हणजे मागच्या-बाजूच्या फळीला लावणार. मागं लाल, बाजूनं पिवळी, पुढं पांढरी, बरोबर आहे. पण ऊस भरल्यावर फाळका दिसतो का? भरलेल्या ट्रॉलीच्या मागं जाऊन एकदा उभे रहा. दोन-तीन फूट ऊस बाहेर लोंबतो, उसाचं वाढं खाली येतं, फाळका पूर्ण झाकला. पट्टी आहे, आरटीओला दाखवायला आहे, मागून येणाऱ्याला नाही. म्हणून रिफ्लेक्टरचं कापड लागतं, लाल-पांढरं, भरल्यावर उसाच्याच मागं बांधायचं. काही कारखाने वाटतात. आम्हाला मिळालं होतं, महिन्यात फाटलं. एकाचं तर मी घोंगडीखाली अंथरलेलं पाहिलं.

आता ते बांधतो कोण? ड्रायव्हर नाही. मी तर केबिनमधे झोपलेला असतो, दोन दिवसांचा जागा. ट्रॉली भरून झाल्यावर शेवटचा दोर आवळतो तो ऊसतोड टोळीवाला. त्याच्या हातात कापड द्या अन् त्याला सांगा की हे दोराबरोबरच बांधायचं. म्हणजे ज्या आई-बापाला तुम्ही पाहुणे म्हणून बोलावताय, ते पाहुणे नाहीत, कामाचे तेच आहेत.

तारीख मग मी सांगतो. खंडेनवमी. वर्षातून तेवढा एकच दिवस ट्रॉली धुतलेली असते. एरवी चिखल, ऑइल, मळीचा थर, त्यावर पट्टी दोन दिवस टिकत नाही. खंडेनवमीला गावातलं प्रत्येक ट्रॅक्टर न्हाऊन, झेंडूची माळ घालून दारात उभं असतं. मालक खुशीत, नारळ फोडलेला. त्या दिवशी पट्टी लावू का म्हणलं तर कुणी नाही म्हणत नाही. अन् टोळ्या गावातच असतात, आगाऊ पैशाची उचल घेऊन बसलेल्या. दसरा झाला की गाड्या लागतात.

बंद पडलेल्या ट्रॉलीचं बोललात. दगड मागं पन्नास पावलांवर ठेवायला पाहिजेत, ठेवतात टायरला खेटून. अन् ट्रॉली गेली तरी दगड रस्त्यातच. ते आमचं चुकतं. त्याला कापड-पट्टीचा उपयोग नाही, ते सांगावंच लागतं. तुमच्या माइकवर मला दोन मिनिटं द्या, मी येतो.

पोल_मारला (धाराशिव)

एक बारीक गोष्ट. कबड्डीच्या मैदानाकडं बाया फिरकत नाहीत, लांब ओट्यावर बसतात. तुम्हाला त्या आईला मैदानावर आणायचं असेल तर आधी पोरींचा खो-खो ठेवा. आमच्याकडच्या खो-खोवाल्या सारिका काळेला २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून खेड्यापाड्यातल्या आया पोरींचा खो-खो बघायला बिनधास्त येतात, माझी आई तर पंचाला सल्ले देते. एकदा बाया पुढं येऊन बसल्या की कबड्डीलाही उठत नाहीत. आणि बॅनर छापूच नका. छापलाच तर आजीनं फाडून नेलेला तुकडा आहे, तेवढाच मोठा करून लावा.

उजवा_कोपरा (केज, जि. बीड)

उशिरा लिहितोय, माफ करा. मधले आठ दिवस दुकानात युरियाची रांग होती.

डबल_ट्रॉली दादा, तुमचं वाचून मी खरंच ट्रॉलीच्या मागं जाऊन उभा राहिलो. आत्ता ऊस नाही, म्हणून मुलाला वर चढवून कडब्याच्या पेंढ्या लोंबत्या लावल्या अन् मोटारसायकलचा दिवा मारला. काही दिसत नाही. तीन वर्षं मी फाळक्याच्या पट्टीचं गणित करत बसलो होतो.

दसरा यंदा २० ऑक्टोबरला आहे, अधिक महिन्यानं पुढं गेलाय. त्या दिवशी अर्धं गाव सावरगावला भगवान भक्तिगडाच्या दसरा मेळाव्याला जातं, तेव्हा दसरा नकोच. १८ ला रविवार आहे. ट्रॉल्या धुवायला त्याच दिवशी काढा असं मालकांना सांगितलंय. सकाळी पट्ट्या, दुपारी खो-खो, चारला सामना. पावसाची धास्ती आहे, २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडं अतिवृष्टीनं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण तोवर उघडेल असं म्हातारी माणसं म्हणतात. दिवसा घेतोय म्हणजे हॅलोजनचाही खर्च वाचला.

लातूरकर, अनुदानाचे पैसे डाव्या कोपऱ्याच्या घरी मिळाले. धाकट्याच्या घरी नाही. कागद कुणी केलेच नव्हते, कारण ते फडावर परत गेले होते. ही गोष्ट मला तुम्ही विचारल्यावर कळली, गावात राहून. अंबाजोगाईला वकिलाकडं सोमवारी जातोय त्यांना घेऊन. धर्मादायचा अर्ज भरलाय. खातं शाळेचे निवृत्त सर, मी आणि डाव्या कोपऱ्याची बहीण, तिघांच्या नावावर.

राहू_द्या, तुमचं खरं आहे. कारखान्यालाही अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. उत्तर आलं तर इथं टाकीन.

धाकट्याच्या घरी मी स्वतः गेलो. कापडाचा नमुना मागवला होता, तो घेऊन. मला वाटलं बाप चिडेल, किंवा रडेल. त्यानं कापड हातात घेतलं, दोन्ही टोकं ओढून बघितलं, म्हणाला याला दोर ओवायला डोळे पाडा, पितळी, नाहीतर दोरानं कापल. मग बायकोला आतून बॅटरी आणायला सांगितली. भर दुपारी दार लावून घेतलं आणि अंधारात तिनं कापड धरलं, यानं बॅटरी मारली. बराच वेळ मारत होता. मी चुलीपाशी उभा.

दार उघडल्यावर विचारलं, ट्रॉलीलाच देणार का टायरगाडीला पण? म्हणाला, आमच्या बैलगाड्या फडातून पहाटे तीनला निघतात, त्यांच्या मागं तर काहीच नसतं. मला हे सुचलंच नव्हतं. गावातल्या किती गाड्या जातात विचारलं तर बोटं मोजून १४ म्हणाला, आणि गाडीची मागची रुंदी वितीनं सांगितली, साडेपाच वीत.

तर आता ३१ ट्रॉल्या अधिक १४ गाड्या. पितळी डोळे प्रत्येकी सहा. डोळे पाडून देणारा परळीत कुणाच्या ओळखीचा असेल तर सांगा, ताडपत्रीवाला चालेल. शिट्टी साहेब, १८ ला दुपारी तुम्ही मोकळे आहात का? वही बघणार नाही म्हणालात, म्हणून तुम्हालाच विचारतोय. आणि पहिली चढाई आत्ताच्या संघातल्या सगळ्यात लहान पोराला द्यायचं ठरलंय. तो १६ चा आहे, अजून मधे श्वास घेतो. सध्या रोज संध्याकाळी मारुतीच्या पाराभोवती दम धरून पळतोय.