मदत हवी आहे : हिवाळ्यात पाच महिने गाडी उभी ठेवताना बॅटरीचे काय करावे?

नमस्कार. टोरांटोजवळच्या रस्त्यांवरील मिठापासून वाचवण्यासाठी माझी १९९९ सालची माझदा एमएक्स-५ नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये उभी राहणार आहे. टाकी भरून स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ नये म्हणून मिसळायचे द्रव्य) घालणे, ते इंजेक्टरपर्यंत (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागापर्यंत) पोहोचावे म्हणून थोडी फेरी मारणे, ऑइल बदलणे आणि पॅड डिस्कला चिकटू नयेत म्हणून हँडब्रेक न ओढता चाकांना ठोकळे लावणे, एवढे ठरले आहे.

अडचण बॅटरीची आहे. ती डिकीत असून एजीएम प्रकारची (आतले आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेली, बंदिस्त) आहे. ट्रिकल चार्जर (बॅटरी हळूहळू चार्ज करत भरलेली ठेवणारा) जोडून डिकी बंद केली की वायर चेपते. बॅटरी काढून घरात ठेवावी का?

शिवाय, गेल्या हिवाळ्यात एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घरटे केले होते (निम्मा फिल्टर कुरतडलेला!). त्यावर अनुभवाचा उपाय कृपया सांगावा.